पृथ्वीचा जमाखर्च आणि यंत्रांची साक्ष

सुवर्णमहोत्सवी ग्रंथात संस्थेच्या पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या ताळेबंदाची हकीकत सांगणार आहोत, तो मात्र कोणा एका संस्थेचा वा प्रांताचा नाही. तो अखिल पृथ्वीचा आहे. सूर्याकडून पृथ्वीला किती ऊर्जा मिळते, तिच्यातील किती ती आल्या पावली परत पाठविते, किती उष्णतेच्या रूपाने अवकाशात सोडते आणि अखेरीस गाठीला काय उरते, असा हा हिशेब आहे. शास्त्रज्ञ त्यास पृथ्वीचे प्रारण-संतुलन म्हणतात. आपण त्यास सरळ पृथ्वीचा जमाखर्च म्हणू.

हा जमाखर्च स्थूलमानाने असा आहे. रात्र आणि दिवस, ध्रुव आणि विषुववृत्त असे सर्व धरून सरासरी काढली, तर पृथ्वीच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट इतकी सौर ऊर्जा जमेच्या बाजूस पडते. ढग, हिम, वाळवंटे आणि हवेतील कण तिच्यातील सुमारे १०० वॅट तशीच परतवून लावतात. उरलेली २४० वॅट भूमी, समुद्र व वातावरण शोषून घेतात आणि जवळजवळ तितकीच ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात जाते. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमा आणि खर्च यांत दर चौरस मीटरला एका वॅटच्या आसपास फरक राहत आला आहे. ही शिल्लक दिसावयास क्षुल्लक असली, तरी ती साऱ्या पृथ्वीवर अहोरात्र, वर्षानुवर्षे साठत जाते. समुद्र तापतात, हिमनद्या वितळतात, किनाऱ्यावरील पाण्याची पातळी चढते, ती या शिल्लकीमुळेच.

परंतु ३४० आणि २४० हे आकडे मोजणाऱ्या यंत्रांची स्वतःची चूक एका वॅटहून मोठी असते. ज्या तराजूची चूक मालाच्या वजनाहून अधिक, त्यावर विश्वास कसा ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जवळजवळ दोन शतके गेली. ते उत्तर थोडक्यात असे, की एका यंत्राला दुसऱ्या यंत्राच्या शेजारी बसवावे आणि दोघांची साक्ष ताडून पाहावी. मात्र ही ताडणी म्हणजे मतमोजणी नव्हे. बहुमत चुकते आणि मधली तडजोडही चुकते. साक्षीदारांत फरक का पडला याचे कारण सापडते, तेव्हाच सत्य हाती लागते. हा धडा शास्त्रज्ञांना अनेक वेळा शिकावा लागला. त्याचाच इतिहास आम्ही येथे संक्षेपाने सांगत आहोत.

जमेची बाजू : जमिनीवरील मापे

हिशेबाचा आरंभ सूर्यापासून झाला. फ्रान्समधील भौतिकीविद क्लोद पुइये यांनी १८३८ च्या सुमारास एक अगदी साधे उपकरण वापरले. बाहेरून काळे केलेले, पाण्याने भरलेले एक पात्र सूर्यासमोर धरावयाचे आणि पाणी किती वेळात किती तापते ते थर्मामीटरवर पाहावयाचे. त्यावरून वातावरणाच्या बाहेर दर मिनिटास दर चौरस सेंटिमीटरवर १.७६ कॅलरी उष्णता पडत असावी, असे अनुमान त्यांनी काढले. आजचा मान्य आकडा सुमारे १.९५ आहे.

त्यानंतर अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांनी बोलोमीटर हे उपकरण सिद्ध केले. अंशाच्या एक लाखाव्या भागाएवढा तापमानातील फरकही त्यास कळत असे. १८८१ साली ते हे यंत्र घेऊन कॅलिफोर्नियातील व्हिटनी पर्वतावर गेले. तेथील निरीक्षणांवरून त्यांनी काढलेला आकडा होता ३ कॅलरी! पुइये यांच्या काळ्या पात्राने सत्याच्या जितके जवळ नेले होते, तितके जवळ या नाजूक यंत्राने नेले नाही. दोष यंत्राच्या संवेदनक्षमतेत नव्हता. वातावरणात किती ऊर्जा गळते याचा हिशेब करण्याच्या रीतीत होता. यंत्र सूक्ष्म झाले म्हणून उत्तर आपोआप खरे होते असे नाही, हे त्यावरून दिसून आले.

लँग्ली यांचे उत्तराधिकारी चार्ल्स ॲबट यांनी स्मिथसोनियन संस्थेच्या वतीने हे काम कित्येक दशके चालविले. चिलीच्या वाळवंटापासून कॅलिफोर्नियाच्या पर्वतांपर्यंत त्यांनी केंद्रे स्थापिली. सूर्याचे तेज लक्षणीय प्रमाणात कमीअधिक होते, असे त्यांचे ठाम मत होते. पुढे उपग्रहांनी दाखविले, की सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातील फरक अवघा हजारात एक एवढाच असतो. ॲबट यांना दिसलेले बहुतेक चढउतार सूर्याचे नसून मधल्या हवेचे होते.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये क्नूत अँगस्ट्रॉम यांचे उपकरण प्रचारात आले. त्यात दोन काळ्या पट्ट्या असतात. एक उन्हात ठेवावयाची, दुसरी सावलीत. सावलीतील पट्टीत वीज सोडून ती उन्हातील पट्टीइतकी तापवावयाची. म्हणजे जितकी वीज लागली तितकी सूर्याची ऊर्जा. युक्ती सुरेख होती. परंतु युरोपातील अँगस्ट्रॉम माप आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन माप यांत सुमारे साडेतीन टक्क्यांची तफावत पडे. एकच सूर्य, एकच आकाश, आणि मापे दोन!

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात साऱ्या जगाने एकाच वेळी निरीक्षणे करावयाची होती. तेव्हा हा घोळ मिटविणे भाग होते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील दावोस येथे शास्त्रज्ञांनी तोड काढली. अँगस्ट्रॉम माप दीड टक्क्याने वाढवावे, स्मिथसोनियन माप दोन टक्क्यांनी घटवावे, आणि मध्ये जे येईल ते सर्वांनी मान्य करावे. भाऊबंदकीच्या वाद्यात पंचांनी बांध मधोमध घालून द्यावा तसाच हा निवाडा होता. त्याने व्यवहार सुरळीत झाला, पण सत्य मधोमध नव्हते. पुढे पोकळीच्या आकाराची निरपेक्ष यंत्रे निघाली. आत आलेला सूर्यप्रकाश पोकळीतून सहसा निसटत नाही, आणि तेवढीच उष्णता विजेने निर्माण करून तिचे मोल काढता येते. अशा अनेक यंत्रांची दावोस येथे शेजारी शेजारी तुलना झाली, तेव्हा १९५६ चे माप दोन टक्क्यांहून थोडे अधिक कमी भरते असे आढळले. म्हणून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांच्या एका गटावर आधारलेले नवे जागतिक प्रमाण ठरविण्यात आले. १९५९ पासून दावोस येथे साधारणपणे दर पाच वर्षांनी देशोदेशीची यंत्रे एकत्र येतात. निरभ्र आकाश मिळेल त्या दिवशी ती एकाच सूर्याकडे तोंड करून ओळीने बसविली जातात, आणि कोण किती चुकतो याची नोंद होते.

पुण्याची वेधशाळा आणि ॲना मणी

या साखळीची एक कडी महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील ‘सिमला ऑफिस’ अनेक वाचकांना परिचित असेल. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, त्यावरून हे नाव पडले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी उपकरणांचे काम पुण्यातच वाढत राहिले. तेथील प्रारण-प्रयोगशाळा ही आशिया विभागाच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक आहे. दावोसच्या प्रमाणाशी जुळविलेले माप अशा केंद्रांमार्फत पुढे पोहोचते आणि ठिकठिकाणच्या निरीक्षणगृहांतील यंत्रे त्याच्याशी ताडली जातात.

या परंपरेच्या उभारणीत ॲना मणी यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा जन्म १९१८ साली त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. बंगळूर येथे चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन आणि पुढे इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. स्वतंत्र भारतास साधी हवामान-उपकरणेही परदेशांतून आणावी लागत, असा तो काळ. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून दिले. भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे त्यांनी उभारले, आणि १९८० व १९८१ मध्ये भारतातील सौर प्रारणाविषयीचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, अशी त्यांची धारणा होती असे सांगतात. आमच्या विषयाचे सारे मर्म त्या एका धारणेत आहे. केरळातून आलेल्या या विदुषीने पुण्यात बसून साऱ्या देशाची मापे एका सुतात आणली. घरापासून दूर राहून परक्या गावाचे काम आपले मानणाऱ्या आपल्या वाचकांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

खर्चाची बाजू : उपग्रहांचा आरंभ

जमेची बाजू जमिनीवरून कशीबशी मोजता आली. खर्चाची बाजू मोजण्यास मात्र पृथ्वीच्या बाहेर जाणे आवश्यक होते. ती वाट विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्हर्नर सुओमी यांनी दाखविली. ‘सुओमी’ हे फिनिश भाषेत फिनलंड देशाचेच नाव आहे. या गृहस्थांनी डॉक्टरेटसाठी मक्याच्या एका शेतातील उष्णतेचा जमाखर्च मांडला होता. जे एका शेताचे करता येते ते साऱ्या पृथ्वीचे का करू नये, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

जुलै १९५९ मध्ये त्यांचे उपकरण घेऊन निघालेले यान उड्डाणानंतर काही सेकंदांतच नष्ट करावे लागले. १३ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘एक्सप्लोरर ७’ हा उपग्रह कक्षेत गेला आणि पृथ्वीच्या खर्चाचे पहिले उपयुक्त आकडे हाती आले. सुओमी यांच्या उपकरणात काही अर्धगोल काळे होते, काही पांढरे. काळा अर्धगोल सूर्यप्रकाश आणि पृथ्वीची उष्णता दोन्ही शोषी. पांढरा सूर्यप्रकाश परतवी, परंतु उष्णता शोषी. दोघांच्या तापमानांतील फरकावरून परावर्तित प्रकाश किती आणि उष्णता किती हे वेगळे काढता येई. पडताळणीचे तत्त्व असे उपकरणाच्या पोटातच होते.

पुढील दशकातील उपग्रहांनी एक जुना समज दूर केला. पृथ्वी सूर्यप्रकाशाचा सुमारे ३५ टक्के भाग परतविते, असे तोवर मानले जात असे. उपग्रहांच्या निरीक्षणांतून हे प्रमाण ३० टक्क्यांच्या जवळपास निघाले. आपली पृथ्वी समजुतीपेक्षा काळसर आणि अधिक ऊर्जा शोषणारी ठरली.

१९७८ मध्ये ‘निंबस ७’ आणि त्यानंतर १९८४ मध्ये मुख्यतः याच कामासाठी बांधलेला ‘अर्थ रेडिएशन बजेट सॅटेलाइट’ अवकाशात गेला. तो ‘चॅलेंजर’ यानातून नेण्यात आला होता. त्याचे सौरपंख उघडेनात, तेव्हा अंतराळवीर सॅली राइड यांनी यांत्रिक हाताने त्यास हलवून ते उघडविले. तशीच यंत्रे नोआ मालेतील आणखी दोन उपग्रहांवर बसविलेली होती. एकाच्या नोंदी दुसऱ्याशी ताडता याव्यात हा त्यामागील एक उद्देश होता. या निरीक्षणांवरूनच मद्रासकडील वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की ढग ऊन परतवून पृथ्वीला जितके थंड करतात, ते उष्णता कोंडून तिला तापविण्याच्या परिणामाहून अधिक भरते. निव्वळ परिणाम दर चौरस मीटरला सुमारे १३ वॅट थंडाव्याचा होता. ढगांविषयीच्या जुन्या वादात हे पहिले भक्कम प्रमाण होते.

एकटा साक्षीदार खरा ठरला

आता पुन्हा जमेच्या बाजूकडे वळू. अवकाशात गेल्यावर मधली हवा आड येत नाही. मग सूर्याच्या ऊर्जेचा आकडा तरी एक यावयास हवा होता. तसे झाले नाही. पृथ्वीजवळ सूर्यकिरणांस काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटरवर ‘निंबस ७’ वरील यंत्र सुमारे १३७२ वॅट दाखवी, १९८० मध्ये सोडलेल्या सौर वेधयानावरील ‘ॲक्रिम’ हे यंत्र सुमारे १३६८, आणि १९८४ च्या उपग्रहावरील यंत्र सुमारे १३६५. गंमत अशी, की आकडे निराळे असले तरी सूर्याच्या चक्राबरोबर होणारे चढउतार तिन्ही यंत्रे सारखेच दाखवीत. दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ वेळ चुकीची सांगते, पण ते एका चालीने चालत असेल तर दोन गाड्यांमधील अंतर बरोबरच सांगते. यंत्रांचेही तसेच होते. या शास्त्रात अचूकपणा आणि स्थिरपणा हे दोन वेगळे गुण मानतात, ते यासाठीच.

पुढे बहुतेकांनी १३६५-६६ हा आकडा मानला. २००३ मध्ये ‘सोर्स’ नावाच्या उपग्रहावरील ‘टिम’ या नव्या यंत्राने मात्र १३६१ असा आकडा दिला. इतर सर्व यंत्रे एका बाजूस आणि हे एकटे दुसऱ्या बाजूस! मत मोजावयाचे असते तर नवे यंत्र तेथेच हरले असते. शास्त्रज्ञांनी तसे केले नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणमापन संस्थेत सर्व संबंधितांची बैठक झाली आणि फरकाच्या कारणाचा शोध सुरू झाला. कोलोरॅडोतील बोल्डर येथे एक खास प्रयोगशाळा उभारून तेथे यंत्रांच्या प्रतिकृती अतिथंड प्रमाण-यंत्राच्या शेजारी बसवून तपासण्यात आल्या. तेव्हा चूक उमगली. जुन्या यंत्रांत बाहेरचे तोंड मोठे असून नेमक्या मापाचे छिद्र आतील बाजूस होते. त्यामुळे मोजावयाचा त्यापेक्षा अधिक प्रकाश आत शिरे, आणि त्यातील काही विखुरून मोजणीत मिसळे. नव्या यंत्रात नेमके छिद्रच सर्वांत पुढे होते. २०१० मध्ये सोडलेल्या ‘पिकार्ड’ उपग्रहावरील यंत्र या नव्या प्रयोगशाळेत आधी तपासून घेतले होते. त्यानेही १३६१ च्या आसपासचाच आकडा दिला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने हाच आकडा प्रमाण मानला. एकाकी पडलेला साक्षीदार खरा ठरला. तो एकाकी होता म्हणून नव्हे, तर इतरांच्या चुकीचे कारण सापडले म्हणून.

जुळी भावंडे आणि खाली उतरणारा उपग्रह

खर्चाच्या बाजूची मोठी कामगिरी पुढे ‘सेरेस’ या मालेतील यंत्रांनी केली. १९९७ पासून ती निरनिराळ्या उपग्रहांवर पाठविण्यात आली. १९९९ च्या ‘टेरा’ आणि २००२ च्या ‘ॲक्वा’ या उपग्रहांवर तर दोन-दोन जुळी यंत्रे बसविली होती. एक आडवी नजर फिरवून नकाशा तयार करी; दुसरे स्वतःभोवती फिरत सर्व दिशांनी पाही.

काही वर्षांत असे दिसू लागले, की परावर्तित सूर्यप्रकाश मोजताना फिरते भावंड हळूहळू कमी आकडा देत आहे. यंत्राच्या तपासणीसाठी आत एक दिवा होता. पण त्या दिव्याच्या प्रकाशात निळ्या आणि अतिनील रंगांचा भाग फार थोडा होता. नेमक्या त्याच रंगांपुरती यंत्राची दृष्टी मंद होत चालली होती, म्हणून दिव्याच्या तपासणीत सर्व काही ठीक दिसे. प्रवासाच्या दिशेस तोंड आल्यामुळे फिरत्या यंत्राच्या प्रकाशमार्गावर सूक्ष्म मळ साचून अतिनील किरणांनी तो काळवंडत होता. ही गोष्ट कळली ती केवळ शेजारी दुसरे भावंड होते म्हणून. त्यानंतर फिरविण्याची पद्धत आवरती घेण्यात आली आणि जुन्या नोंदी दुरुस्त करण्यात आल्या.

दुसरे उदाहरण १९८४ च्या उपग्रहाचे. त्याच्या नोंदींवरून २००२ मध्ये असे प्रसिद्ध झाले, की उष्ण कटिबंधातून बाहेर जाणारी उष्णता १९८० च्या दशकापेक्षा १९९० च्या दशकात दर चौरस मीटरला सुमारे ३.१ वॅटने वाढली. हा बदल मोठा होता आणि हवामानाच्या कोणत्याही गणितात तो बसेना. शोध घेता लक्षात आले, की हा उपग्रह १९८५ ते १९९९ या काळात सुमारे ६११ किलोमीटर उंचीवरून ५८५ किलोमीटरपर्यंत खाली उतरला होता. शेकोटीच्या जवळ सरकणाऱ्यास धग अधिक लागते. त्यावरून शेकोटी भडकली असे म्हणता येत नाही. २००६ मध्ये उंचीचा हिशेब धरून नोंदी सुधारल्या, तेव्हा ती वाढ ०.७ वॅटवर आली. हा उपग्रह अखेर जानेवारी २०२३ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला.

मेघ-ट्रॉपिक्सची भेट

या तुलनेच्या कामात भारताचाही वाटा आहे. १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘मेघ-ट्रॉपिक्स’ हा भारत आणि फ्रान्स यांचा संयुक्त उपग्रह सोडण्यात आला. अर्धे नाव संस्कृत, अर्धे फ्रेंच. त्याची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २० अंशांचा कोन करीत असल्याने उष्ण कटिबंधातील, म्हणजे आपल्या मोसमी ढगांच्या प्रदेशातील, एकाच जागेवरून तो दिवसातून अनेकदा जाई. त्यावर ‘स्कॅराब’ हे फ्रेंच बनावटीचे प्रारण-यंत्र होते. त्याची पहिली भावंडे १९९४ आणि १९९८ मध्ये रशियन उपग्रहांवरून गेली होती, आणि १९९९ च्या आरंभी त्यांपैकी दुसऱ्याची तुलना ‘सेरेस’ शी झालेली होती.

दोन उपग्रहांची तुलना करणे वाटते तितके सोपे नाही. ढग सर्व दिशांना सारखा प्रकाश फेकीत नाही. सायंकाळी समुद्रावर पडणारी तिरीप एका बाजूने डोळे दिपविते, तर दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्यास पाणी काळे दिसते. म्हणून दोन्ही यंत्रांनी एकच जागा, एकाच वेळी आणि एकाच कोनातून पाहिली पाहिजे. २०१२ मध्ये खास मोहीम आखून ‘टेरा’ वरील एका ‘सेरेस’ यंत्राची नजर ‘स्कॅराब’ च्या नजरेशी जुळेल अशी वळविण्यात आली. दोन भिन्न देशांत, भिन्न कारागिरांनी, भिन्न रीतीने बनविलेली यंत्रे जेव्हा एकच आकडा सांगू लागतात, तेव्हा त्या साक्षीस वजन येते; कारण दोघांची चूक एकाच प्रकारची असण्याचा संभव कमी असतो. मार्च २०२३ मध्ये मेघ-ट्रॉपिक्स नियंत्रित रीतीने प्रशांत महासागराच्या दिशेने खाली आणण्यात आला.

समुद्राची साक्ष

इतके करूनही मूळ अडचण पुरती सुटली नव्हती. ‘सेरेस’ च्या नोंदींची सरळ बेरीज-वजाबाकी केली, तर शिल्लक दर चौरस मीटरला चार वॅटांहून अधिक निघे. तेवढी उष्णता खरोखर साठत असती, तर समुद्र आहेत त्यापेक्षा कितीतरी वेगाने तापले असते. तेव्हा शास्त्रज्ञांनी थेट तिजोरीच तपासली. पृथ्वीच्या शिल्लक उष्णतेपैकी सुमारे नव्वद टक्के समुद्रात जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ‘आर्गो’ नावाचे हजारो तरंगक समुद्रांत सोडलेले आहेत. ते २००० मीटर खोलीपर्यंत जाऊन वर येतात आणि पाण्याचे तापमान कळवितात. त्यांवरून २००५ ते २०१५ या दशकाची सरासरी शिल्लक सुमारे ०.७ वॅट निघाली, आणि उपग्रहांच्या हिशेबाची पातळी तिच्याशी जुळवून घेण्यात आली.

येथे चिकित्सक वाचक विचारील, की समुद्राच्या आकड्याशी उपग्रह जुळविले, तर ती पडताळणी कसली? शंका रास्त आहे. पातळीपुरती ती पडताळणी नव्हेच; ते केवळ घड्याळ लावणे आहे. परंतु घड्याळ एकदा लावल्यावर त्याची चाल स्वतंत्र असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २००५ च्या मध्यापासून २०१९ च्या मध्यापर्यंतची चाल ताडून पाहिली गेली. उपग्रहांनुसार शिल्लक दर दशकास ०.५० वॅटने वाढत होती. समुद्रातील मापांनुसार ०.४३ वॅटने. एक यंत्र सातशे किलोमीटर उंचीवरून पाहते, दुसरे दोन किलोमीटर खोल पाण्यात बुडते. दोघांची ओळखदेखही नाही. दोन्ही आकड्यांत अनिश्चितता पुष्कळ आहे, तरी दोघांची साक्ष एकच आहे. त्या चौदा वर्षांत पृथ्वीची शिल्लक सुमारे दुप्पट झाली. आमच्या मते या दीर्घ इतिहासाचे हेच सर्वांत मोठे आणि सर्वांत गंभीर फलित होय.

वहीतील सलग पाने

या कामात सर्वांत भय आहे ते खंडाचे. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यानाचा भीषण अपघात झाला आणि पुढील अनेक उड्डाणे लांबली. त्यामुळे सूर्य मोजणारे पहिले ‘ॲक्रिम’ यंत्र १९८९ मध्ये थांबले, तरी दुसरे १९९१ पर्यंत सुरू झाले नाही. दोघांनी काही काळ बरोबरीने मोजावयाचे होते, ते राहून गेले. मधली दोन वर्षे इतर यंत्रांच्या आधारे जोडावी लागली. ती कशी जोडावी यावर विद्वानांत मतभेद झाले. एका जोडणीने त्या काळात सूर्याचे तेज किंचित वाढल्याचे दिसे, दुसरीने दिसत नसे. एवढ्याशा खंडाने वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

आज ‘टेरा’ आणि ‘ॲक्वा’ वृद्ध झाले आहेत. त्यांच्या कक्षा नियत वेळेपासून सरकल्या आहेत. २०११ मध्ये सोडलेल्या, सुओमी यांच्याच नावाच्या उपग्रहावर आणि २०१७ च्या ‘नोआ २०’ वर ‘सेरेस’ ची शेवटची दोन यंत्रे बसविली गेली. त्यांच्यानंतर यावयाच्या एका यंत्राचे काम २०१८ मध्ये रद्द करण्यात आले, आणि आता ‘लिबेरा’ हे नवे यंत्र आखलेले आहे. सेरेस ही रोमन लोकांची धान्यदेवता आणि लिबेरा तिची कन्या. कन्येने कारभार हाती घेण्यापूर्वी तिला मातेच्या शेजारी बसून काही काळ तोच हिशेब मांडता आला पाहिजे. एक वॅटची शिल्लक ओळखण्यासाठी दोन शतके लागली. ती पुढे वाढते की घटते, हे आपल्या नातवंडांना कळावयाचे असेल, तर वहीची पाने सलग राहिली पाहिजेत, आणि जुन्या लेखनिकाने लेखणी खाली ठेवण्यापूर्वी नव्याच्या हस्ताक्षराशी आपले हस्ताक्षर ताडून पाहिलेले असले पाहिजे.